नवा पंतप्रधान आणि माझी दोन पत्रं



बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर वाचन-लेखन बंद होतं. आता अक्षरं पुन्हा स्वच्छ दिसायला लागली आहेत आणि पहिलं काय लिहावं हा प्रश्न घरच्या मंडळींनीच सोडवून दिला.

भाऊबीजेला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर धाकट्या भाच्याचा आणि माझ्या पुतणीचा वाद जुंपला. भाचा म्हणत होता, "नवीन माणूस आत्ता कुठे खुर्चीवर बसलाय, त्याला शंभर दिवस तरी द्या ना! हे पेपरवाले पहिल्या दिवसापासून तुटून पडतात." पुतणी म्हणाली, "तुटून कुठे पडतात? निम्मे तर आरतीच ओवाळताहेत." वाद कुठल्या नेत्यावरून चालला होता ते मुद्दाम सांगत नाही. नाव बदललं की बाजू बदलतात, वाद तोच राहतो. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. "आत्या, तू सांग. तू तर पेपरात पत्रं लिहायचीस."

लिहायची खरी. त्यातलं एक पत्र छापून आलं त्याची मला लाज वाटते, आणि एक पाठवलंच नाही त्याची जास्त लाज वाटते. दोन्ही एकाच माणसाबद्दल होती. ती हकीकत त्या दिवशी मुलांना पूर्ण सांगता आली नाही, म्हणून इथे सांगते.

१९९१ साल. मी तेव्हा चाळिशीत, आपल्या गावात (तेव्हाचं औरंगाबाद) शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. लोकसभेची निवडणूक चालू असतानाच २१ मेला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. उरलेलं मतदान पुढे ढकललं गेलं. निकाल लागले तेव्हा काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होती, पण बहुमत नव्हतं. महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसच्या. शरद पवार मुख्यमंत्री होते आणि पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. आमच्या स्टाफरूममध्ये काय उत्साह! पवारांना मत न देणारेही म्हणायला लागले होते की एकदा मराठी माणूस तिथे बसलाच पाहिजे.

आणि झाले पी. व्ही. नरसिंह राव. २१ जून १९९१ ला शपथविधी झाला. पवार संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. राव त्या वेळी निवडणुकीला उभेसुद्धा राहिले नव्हते. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि दिल्लीतला गाशा गुंडाळून ते हैदराबादला परतायच्या तयारीत होते. आठवडाभराने त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. पेपरांतला सूर ठरून गेला. हा तात्पुरता माणूस आहे, गटांच्या भांडणात कुणालाच नको म्हणून सगळ्यांना चालला. व्यंगचित्रांत त्यांचे पुढे आलेले ओठ. इतक्या भाषा येतात आणि एकाही भाषेत बोलत नाहीत, हा विनोद तर चहाच्या टपरीवरही ऐकू यायचा.

जुलैत सोन्याची बातमी आली. देशाचं सोनं विमानाने परदेशी पाठवून गहाण टाकलं जातंय! मंडळी, आज तुम्हाला परकीय चलनाचा साठा वगैरे आकडे सहज कळतात. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की घरातलं सोनं सावकाराकडे गेलं. आमच्या शाळेतल्या शिपाईबाईसुद्धा हळहळल्या. मी त्या रात्री बसून पत्र लिहिलं आणि एका स्थानिक दैनिकाला पाठवलं. त्यांनी ते ठळक चौकटीत छापलं.

कात्रण अजून माझ्या फायलीत आहे. त्यात मी चार गोष्टी म्हटल्या होत्या. एक, सत्तरीच्या आजारी माणसाला देशाने निवृत्तिवेतन द्यावं, सत्ता नव्हे. दोन, ज्याला महाराष्ट्राची ओळख नाही अशा माणसासाठी महाराष्ट्राला डावललं. तीन, घरातलं सोनं विकून खाणारा कर्ता आम्हाला नको. आणि चार, हा गृहस्थ महत्त्वाच्या प्रश्नांवर तोंड उघडत नाही. शाळेत माझं फार कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी ते पत्र सूचनाफलकावर लावलं.

रविवारी मी मामांकडे गेले. माझे मामा हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. विशीच्या आत घर सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते. शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झालेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत फैसला, अर्जी, गवाही असे शब्द सहज यायचे. माझ्या प्रत्येक पत्राचं ते कौतुक करायचे. त्या दिवशी मात्र पेपर घडी घालून बाजूला ठेवलेला.

"फैसला चांगला लिहिलास," ते म्हणाले, "गवाही कुणाची घेतलीस?"

मग एकेक मुद्दा त्यांनी घेतला. महाराष्ट्राची ओळख नाही म्हणतेस? हा माणूस रामटेकचा खासदार होता, १९८४ ला आणि १९८९ ला. (हे मला माहीत होतं. पण पक्षाने सोयीसाठी आणून उभा केलेला पाहुणा, एवढीच माझी समजूत.) मामा म्हणाले, १९३८ साली आपल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात पोरांनी वंदे मातरम् म्हटलं, ती चळवळ निजामाच्या सगळ्या कॉलेजांत पसरली, पोरांना काढून टाकलं. त्या पोरांना नागपूर विद्यापीठाने पदरात घेतलं. त्यात राव होते. पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, नागपुरात वकिलीचं शिक्षण घेतलं. १९४७-४८ मध्ये ते चांद्याच्या कॅम्पात होते. स्वामी रामानंद तीर्थांना गुरू मानणारा माणूस, आणि हे स्वामीजी १९५७ ला आपल्याच औरंगाबादचे खासदार होते. "आणि बाईसाहेब, तुम्ही मराठी शिकवता ना? हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' यानंच तेलुगूत नेलंय."

मी गप्प. मी ती कादंबरी दहा वर्षं मुलींना सांगत होते.

मग सोनं. मामांनी विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा दोष कुणाला दिला होतास?"

आमच्या घरातली ही गोष्ट नातेवाइकांना माहीत आहे. पाटल्या सावकाराकडे नेऊन ठेवल्या माझ्या थोरल्या भावाने. पण कर्ज त्याच्या आधीचं, वडिलांच्या काळातलं. भाऊ तेव्हा नुकता कर्ता झाला होता. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. मी सावकाराला शिव्या दिल्या, नशिबाला दिल्या, भावाला नाही.

देशाचं गणितही काहीसं तसंच होतं. ऐंशीच्या दशकात सरकार कमाईपेक्षा जास्त खर्च करत राहिलं, परदेशी कर्ज वाढत गेलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेलाचे भाव भडकले, आखातातल्या आपल्या लोकांचे पैसे यायचे थांबले. आयातीला दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच परकीय चलन उरलं होतं. मे १९९१ मध्ये, म्हणजे राव येण्याच्या आधी, चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन सोनं परदेशात विकून झालं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून ४० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. तेवढंच मी पाहिलं आणि तीन आठवड्यांच्या कर्त्याच्या माथी सगळं कर्ज मारलं.

उरला वयाचा मुद्दा. त्यावर मामा काहीच बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. आज मी पंचाहत्तरीची आहे. घरी कुणी "आता तुला काय कळतंय" म्हटलं की मला माझ्या पत्रातलं ते पहिलं वाक्य आठवतं.

पण मंडळी, इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर भाच्याला वाटेल आत्या आपल्या बाजूने बोलली. राव नवे होते म्हणून गप्प बसायला हवं होतं, असं मामांनी एकदाही म्हटलं नाही. आणि ते बरोबरच होतं. तारखा पाहा. २१ जूनला शपथ. १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत, रुपयाचं अवमूल्यन. त्याच महिन्यात सोनं तारण. २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि डॉ. मनमोहन सिंग यांचं अंदाजपत्रक. बहुतेक उद्योगांचं परवानाराज त्या एका दिवसात गेलं. त्या दशकातले सर्वांत मोठे निर्णय पहिल्या चौतीस दिवसांत झाले! वर्तमानपत्रांनी शंभर दिवसांचं मौन पाळलं असतं तर सगळं होऊन गेल्यावर बोलायला सुरुवात झाली असती.

आणि बोलण्याचा उपयोगही झाला. त्या अंदाजपत्रकात खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. संसदेत आणि बाहेर, काँग्रेसच्या खासदारांसकट सगळ्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये सरकारने वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान व अल्पभूधारक शेतकऱ्यांना तीतून वगळलं. आमच्या मराठवाड्यात कोरडवाहू दोन-चार एकरवाला शेतकरी किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. ती टीका सहा आठवड्यांच्या सरकारवर होती, कडक होती, आणि रास्त होती. कारण ती खताच्या भावावर होती. पंतप्रधानाच्या ओठांवर नव्हती.

मी पेपर तपासताना मुलांना नेहमी सांगायची, अक्षराचे मार्क वेगळे, उत्तराचे वेगळे. माझ्या पत्रात मी तीन चतुर्थांश मार्क अक्षराचे कापले होते. आणि पवार पंतप्रधान झाले असते आणि त्यांना तेच सोनं गहाण टाकावं लागलं असतं, तर मी तेच पत्र लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. "मराठी माणसाने धाडसाने देश वाचवला" असं लिहिलं असतं. ही परीक्षा मी स्वतःची फार उशिरा घेतली.

असं फक्त रावांच्या बाबतीत झालं नाही. १९६४ मध्ये नेहरूंनंतर शास्त्रीजी आले तेव्हा त्यांची उंची, त्यांचं धोतर यांवरून लोक हसत होते. १९६५ च्या युद्धाने ते हसू थांबलं. इंदिराबाईंना १९६६ मध्ये डॉ. लोहियांनी गुंगी गुडिया म्हटलं आणि ते नाव सगळीकडे चालू झालं. त्या गुडियाने जून १९७५ मध्ये वर्तमानपत्रांचंच तोंड बंद केलं. आपल्या 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव तेव्हा तुरुंगात होते. उलट उदाहरणही आहे. राजीव गांधी आले तेव्हा मिस्टर क्लीन म्हणून पेपरांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि १९८७ मध्ये बोफोर्स निघाल्यावर तेच पेपर तावातावाने त्यांच्यामागे लागले. म्हणजे पुतणी म्हणते ती आरती आणि भाचा म्हणतो ती तुटून पडण्याची सवय, दोन्ही एकाच आळसातून येतात. माणूस काय करतो ते पाहण्याआधी तो कसा दिसतो ते पाहून मोकळं व्हायचं.

आता दुसरं पत्र.

माझ्या चार मुद्द्यांतला चौथा मुद्दा, "तोंड उघडत नाही", मामांनी त्या रविवारी तसाच सोडला होता. मी विचारलंही नाही. तीन मुद्द्यांवर मार खाल्ल्यावर चौथ्याची आठवण कोण करून देईल?

६ डिसेंबर १९९२. रविवारच होता. दुपारपासून अयोध्येच्या बातम्या यायला लागल्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही घुमट पडले. उत्तर प्रदेश सरकारने वास्तूचं रक्षण करू असं सर्वोच्च न्यायालयाला लिहून दिलं होतं आणि केंद्राने त्यावर भरवसा ठेवला होता. केंद्राची सुरक्षा दलं जवळपास होती, पण ती वेळेवर तिथे पोचली नाहीत. राष्ट्रपती राजवट आली ती सगळं झाल्यावर. धोक्याचे इशारे महिनोन् महिने मिळत होते. आणि पंतप्रधान, ज्यांना इतक्या भाषा येत होत्या, ते बोलले तेव्हा बोलून उपयोग नव्हता.

माझी धाकटी बहीण तेव्हा मुंबईत होती. डिसेंबरात आणि परत जानेवारीत तिथे दंगली झाल्या. पुढे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद झाली. ती खाली जाऊन एसटीडी बूथवरून फोन करायची, दोन वाक्यं बोलून ठेवायची. मी त्या आठवड्यात पत्र लिहायला बसले. पानभर झालं. मग मला पहिलं पत्र आठवलं, मामांसमोरची ती मान खाली गेलेली मी आठवले, आणि वाटलं, पुन्हा घाई होतेय आपली. त्यांच्याकडे माहिती असेल. राज्याच्या हक्कावर गदा कशी आणायची, असा काही पेच असेल. आपण कोण? पान घडी करून फायलीत ठेवलं.

पुढे मामांकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "या वेळी लिहिलं नाहीस?"

मी म्हटलं, "मामा, मागच्या वेळी तुम्हीच तर..."

ते बराच वेळ बोलले नाहीत. रावांबद्दल त्यांना अभिमान होता, आपल्या चळवळीतला मुलगा म्हणून. तो अभिमान त्या महिन्यात त्यांना फार जड जात होता हे दिसत होतं. मग म्हणाले, "मागच्या वेळी गवाही नसताना फैसला दिलास म्हणून मी रागावलो. आज सगळा मुल्क गवाही देतोय आणि तू कलम खाली ठेवलीस. चुकीच्या टीकेची सजा खऱ्या टीकेला द्यायची असते का?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एवढ्या वर्षांत मी याचा बराच विचार केला. नव्या नेत्यावर चुकीची टीका झाली तर नुकसान त्या नेत्याचं होतं असं आपल्याला वाटतं. रावांचं काही बिघडलं नाही. त्यांनी अल्पमतातलं सरकार पाच वर्षं चालवलं. नुकसान माझ्यासारख्यांचं झालं. मी वय, प्रांत, चेहरा यांवर माझा राग खर्च केला, तो खोटा ठरला, आणि जेव्हा खरंच विचारायची वेळ आली तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. वर्तमानपत्रांचंही थोडंफार असंच होतं. जो पेपर रोज ओठांवरून हसतो, तो एक दिवस गंभीर बोलला तरी लोक म्हणतात, यांचं नेहमीचंच आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९९६ मध्ये काँग्रेस हरली. खासदार लाच प्रकरणासारखे खटले रावांच्या मागे लागले, शेवटी ते सुटले. मामा १९९८ ला गेले. २३ डिसेंबर २००४ ला राव गेले तेव्हा पेपरांनी त्यांना आर्थिक सुधारणांचे जनक म्हटलं. अयोध्येबद्दल त्यांनी स्वतःची बाजू मांडणारं पुस्तक लिहून ठेवलं होतं, ते त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यामागे, २००६ मध्ये आलं. मी ते मिळवून वाचलं. घटनेतल्या अडचणी त्यात नीट मांडल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. तरी पुस्तक मिटताना वाटलं, हे बोलणं चौदा वर्षं आधी हवं होतं. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. मला बरं वाटलं. मामा असते तर त्यांना त्याहून बरं वाटलं असतं. पण भारतरत्नाने डिसेंबर पुसला जात नाही आणि डिसेंबरने जुलै पुसला जात नाही. दोन्ही उत्तरं एकाच विद्यार्थ्याची आहेत, मार्क वेगवेगळे द्यावे लागतात.

तेव्हा भाच्या, तुझ्या शंभर दिवसांना माझं उत्तर नाही असं आहे. पहिल्या दिवसापासून विचारावं. फक्त काय केलं ते विचारावं, घर हातात आलं तेव्हा कर्ज किती होतं ते आधी पाहावं, आणि आपल्या आवडीचा माणूस त्या जागी असता तर हेच विचारलं असतं का, हे एकदा मनाशी पडताळावं. आणि पुतणीबाई, पेपर आरती ओवाळताहेत म्हणून आपण चिडून दिसेल तो दगड उचलू नये. खरा मारायची वेळ येते तेव्हा हात रिकामा असतो.

ऑपरेशननंतर फायली आवरताना दोन्ही कागद सापडले. छापलेलं कात्रण पिवळं पडलंय. न पाठवलेलं पान मात्र चांगलं पांढरं राहिलंय. ते एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन.

असो. डोळ्यांना ताण नको म्हणून इथेच थांबते.